जे लिहिलं नाही, ते केलं नाही : परदेशात नर्स म्हणून जाताना

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी वॉर्डात एक वाक्य कानावर पडतं आणि पुढे कायम सोबत राहतं: जे लिहिलं नाही, ते केलं नाही. पेशंटची कूस तुम्ही रात्रीतून चार वेळा बदललीत, पण चार्टवर नोंद नसेल तर ती बदललीच नाही असं धरतात. परदेशी नोकरीसाठी अर्ज केला की हाच नियम तुम्हाला स्वतःला लागू होतो. तुम्ही पाच वर्षं आयसीयू सांभाळलं असेल, नवीन मुलींना हाताला धरून शिकवलं असेल. समोरच्या देशाच्या नोंदणी संस्थेला ते कागदावर दिसत नसेल, तर तिच्या लेखी ते घडलेलंच नसतं.

गेली काही वर्षं मी नर्सना ही कागदपत्रं जमवायला आणि परीक्षांची तयारी करायला मदत करते. हुशार, कामाला वाघ असलेल्या बायका एका प्रमाणपत्रापायी आठ-आठ महिने अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातलं बरंचसं टाळता येतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गुंता सोडवू. 'परदेशात जाणं' ही एक गोष्ट नाही, त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नोंदणी, म्हणजे त्या देशात 'नर्स' म्हणून काम करण्याचा परवाना. दुसरी नोकरी. तिसरी व्हिसा. तिन्हींचा निर्णय घेणारे वेगळे असतात. ब्रिटनमध्ये नोंदणी एनएमसी म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल देते, नोकरी हॉस्पिटल देतं आणि व्हिसा गृहखातं देतं. अमेरिकेत परवाना राष्ट्रीय पातळीवर मिळतच नाही, तो प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड देतं. जर्मनीतही शिक्षणाला मान्यता देणारं कार्यालय राज्याराज्याचं वेगळं. हॉस्पिटलने मुलाखतीत पसंत केलं याचा अर्थ नोंदणी होईल असा नाही, आणि नोंदणी झाली म्हणून व्हिसा मिळेल असंही नाही. एजंट जेव्हा 'सगळं होऊन जाईल' म्हणतो, तेव्हा विचारा: या तिन्हींपैकी नेमकं काय होऊन जाईल, आणि ते कोण करणार?

नर्सची गरज मात्र खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार 2023 साली जगात सुमारे 2 कोटी 98 लाख नर्स होत्या आणि तरीही 58 लाख कमी पडत होत्या. दर सात नर्समागे एक अशी आहे जी काम करते त्या देशात जन्मलेली नाही. श्रीमंत देशांत हे प्रमाण 23 टक्क्यांवर जातं. तेव्हा तुम्ही कुणाच्या दारात उपकार मागायला जात नाही आहात, हे मनात पक्कं असू द्या. पुढे करारावर सही करताना त्याचा उपयोग होतो.

कागद तुमच्या हातून जाता कामा नये

सगळ्यात जास्त वेळ खातात ती कागदपत्रं, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच होतात. तुमच्याकडे पदवीचं मूळ प्रमाणपत्र आहे, त्यावर शिक्के आहेत, साक्षांकित प्रती आहेत. तरी ते चालत नाही. नोंदणी संस्थेला ती माहिती मूळ ठिकाणाहून थेट हवी असते: कॉलेजकडून, तुमच्या आताच्या नर्सिंग कौन्सिलकडून, हॉस्पिटलकडून. मध्ये तुमचा हात लागलेला नको. अमेरिकेसाठी हे पडताळणीचं काम 1977 साली सुरू झालेली सीजीएफएनएस ही संस्था (2025 पासून तिचं नाव ट्रूमेरिट) करत आली आहे, कॅनडाच्या काही प्रांतांसाठी एनएनएएस करते, आणि आखाती देशांत बहुतेक ठिकाणी डेटाफ्लो. नावं वेगळी, पद्धत एकच. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. खोटं प्रमाणपत्र घेऊन कुणी वॉर्डात उभं राहिलं तर जीव पेशंटचा जातो.

अडचण अशी की कॉलेजच्या कार्यालयाला या सगळ्याची घाई नसते. तिथला क्लार्क तुमचा फॉर्म कपाटावर ठेवतो आणि विसरतो. त्या फॉर्ममध्ये काय विचारलेलं असतं ते मात्र बघण्यासारखं आहे. मार्क त्यांना फारसे नको असतात, तास हवे असतात. बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य, मेडिकल-सर्जिकल अशा प्रत्येक विषयात वर्गात किती तास आणि वॉर्डात किती तास. कॉलेजने नुसतं 'प्रात्यक्षिक पूर्ण' असं लिहून पाठवलं की फाइल परत येते. कॅलिफोर्नियाचं बोर्ड तर एखाद्या विषयाची थिअरी आणि त्याची वॉर्डातली पोस्टिंग एकाच काळात झाली होती का तेही तपासतं. थिअरी दुसऱ्या वर्षी आणि पोस्टिंग चौथ्या वर्षी झालेल्या कितीतरी जणींचे अर्ज त्यावरच अडकले. म्हणून राज्य निवडण्याआधी आपली मार्कलिस्ट आणि क्लिनिकल रेकॉर्डबुक समोर ठेवून बसा.

अनुभवाच्या पत्राचंही तसंच. नेहमीचं पत्र असं असतं: 'यांनी आमच्याकडे तीन वर्षं स्टाफ नर्स म्हणून समाधानकारक काम केलं, त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. उपयोगाचं पत्र असं असतं: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पूर्ण वेळ की अर्ध वेळ, आठवड्याला किती तास, कोणता वॉर्ड, किती खाटा, एका ड्यूटीत साधारण किती पेशंट, आणि काय काय केलंत. रक्त चढवणं, सेंट्रल लाइन, ट्रॅकिओस्टॉमीची काळजी, इन्शुलिन इन्फ्यूजन, ज्युनिअरना शिकवणं, जे असेल ते. राजीनामा देण्याआधी हे पत्र हातात घ्या. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर बदलून गेल्या, हॉस्पिटल बंद पडलं किंवा दुसऱ्याने विकत घेतलं, की तुमच्या त्या तीन वर्षांचा साक्षीदारच उरत नाही.

आणि नाव. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, मधल्या नावासकट, मधल्या नावाशिवाय. पासपोर्टवर एक, पदवीवर दुसरं आणि कौन्सिलच्या नोंदीत स्पेलिंगच तिसरं. हे आधी एका रेषेत आणा, मगच पुढचं पाऊल टाका.

मुदती हा यातला लपलेला खड्डा आहे. एनएमसीकडे भाषेच्या परीक्षेचा निकाल साधारण दोन वर्षं चालतो, संगणकावरच्या चाचणीचा निकालही दोन वर्षं. अमेरिकेच्या व्हिसासाठी नर्सना लागणारं व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र पाच वर्षं. उत्साहात भाषेची परीक्षा आधी दिली आणि कॉलेजने तास कळवायला वर्ष लावलं, तर परीक्षा पुन्हा देण्याची वेळ येते. माझा सल्ला असा: कागदांची चाकं आधी फिरवा, ती फिरत असताना भाषेची तयारी करा.

भाषा येते, पण बोलता येतं का?

इंग्रजी बोलणाऱ्या देशांसाठी सहसा आयईएलटीएस किंवा ओईटी यातली एक इंग्रजीची परीक्षा लागते. ओईटी खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी आहे. एनएमसीला ओईटीमध्ये ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत बी श्रेणी हवी, लिहिण्यात सी प्लस चालते. आयईएलटीएसमध्ये सात, लिहिण्यात साडेसहा. ओईटीच्या लेखन भागात 45 मिनिटांत केस नोट्स वाचून त्या पेशंटबद्दल पत्र लिहायचं असतं, बहुतेकदा दुसऱ्या नर्सला किंवा डॉक्टरला. नोट्समध्ये दिलेली प्रत्येक गोष्ट पत्रात ओतली की मार्क जातात. वीस वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं हे आज गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी चाललेल्या आजींच्या फिजिओथेरपिस्टला कशाला हवं? काय गाळायचं हे ठरवणं हीच तिथली परीक्षा.

बोलण्याच्या भागात दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते. इथे आपल्याकडच्या अनुभवी नर्स जास्त अडखळतात, आणि कारण व्याकरण नसतं. गर्दीच्या वॉर्डात काम केलेल्या नर्सला सूचना द्यायची सवय असते: 'घाबरू नका, काही होत नाही, हात सरळ ठेवा.' परीक्षेत अपेक्षा असते की तुम्ही आधी विचारावं, त्यांना नेमकी कशाची भीती वाटते आहे, त्यांना आधीच काय माहीत आहे, आणि मग समजावून सांगावं. मनात माया भरपूर असते, ती शब्दांत आणायची सवय नसते. सरावाने ती महिन्या-दोन महिन्यांत लागते, हे मी खात्रीने सांगते.

जर्मनीसाठी गणित वेगळं. तिथे बहुतेक राज्यांत जर्मन भाषेची बी-2, म्हणजे मध्यमाच्या वरची, पातळी लागते. शून्यातून तिथवर पोचायला मन लावून अभ्यास केला तरी साधारण वर्ष धरा. 'चार महिन्यांत बी-2' असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे पैसे भरू नका.

परीक्षा कशाची असते

अमेरिका आणि कॅनडात नर्सना एनक्लेक्स ही परीक्षा द्यावी लागते. ऑस्ट्रेलियाही अनेक परदेशी नर्सना ती द्यायला लावतं. ती संगणकावर होते आणि प्रत्येकीला वेगळे प्रश्न येतात. एक प्रश्न बरोबर आला की पुढचा थोडा कठीण, चुकला की थोडा सोपा. संगणक मुद्दाम असे प्रश्न निवडतो की ते बरोबर येण्याची शक्यता निम्मी-निम्मी असावी. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. तुम्ही पातळीच्या वर आहात की खाली याबद्दल संगणकाची 95 टक्के खात्री झाली की परीक्षा तिथेच थांबते. म्हणून 85 व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली तर ते उत्तीर्ण होणंही असू शकतं आणि नापास होणंही. आणि म्हणूनच चांगली तयारी केलेली मुलगीही 'सगळं चुकलं' म्हणत डोळे पुसत बाहेर येते. तिला प्रश्न कठीण वाटले कारण ती वरच्या पायरीवर पोचली होती.

प्रश्नांचा रोख पाठांतरावर नसतो. चार पेशंट दिलेले असतात आणि विचारतात, आधी कुणाकडे जाल? चौघांनाही तुमची गरज असते, पण त्यातला एक पुढच्या दहा मिनिटांत ढासळू शकतो. एप्रिल 2023 पासून यात केस स्टडीही आल्या आहेत: एकाच पेशंटची माहिती टप्प्याटप्प्याने उघडत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तुम्ही काय हेरलंत, त्यातून काय ओळखलंत, आता काय कराल ते विचारतात.

ब्रिटनची पद्धत दोन टप्प्यांची. पहिला टप्पा संगणकावरचा, तो आपल्या देशात बसून देता येतो. त्यात औषधांच्या हिशोबाचा भाग वेगळा असतो. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं तर ताशी 125 मिली, आणि एका मिलीचे 20 थेंब पडणारा सेट असेल तर मिनिटाला सुमारे 42 थेंब. वॉर्डात हे आपण डोळ्यांनी जमवतो, इथे आकडा लिहावा लागतो. दुसरा टप्पा ओस्की, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा, तो ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावा लागतो. त्यात दहा स्टेशनं असतात, प्रत्येक ठिकाणी एक वेगळं काम. त्यातली चार एकमेकांना जोडलेली: पेशंटचं मूल्यमापन, काळजीची आखणी, प्रत्यक्ष काळजी, आणि शेवटी पुढच्या टीमला हस्तांतर.

औषध देण्याचं स्टेशन जरा जवळून बघू. खाटेवर पेशंटच्या भूमिकेत कुणीतरी बसलेलं आहे, टेबलावर औषधांचा चार्ट आहे, बाजूला परीक्षक यादी घेऊन उभा आहे. तुम्ही हात धुता. स्वतःची ओळख करून देता. पेशंटला पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारता, मनगटावरच्या पट्टीशी आणि चार्टशी जुळवता. कशाची अॅलर्जी आहे का विचारता, चार्टवरही बघता. पेनिसिलिन लिहिलेलं आहे. खाली सकाळच्या औषधांत अमॉक्सिसिलिन आहे, तेही पेनिसिलिनच्याच कुळातलं. ते तुम्ही देत नाही, का देत नाही ते पेशंटला समजेल असं सांगता, चार्टवर न दिल्याचा कोड लिहिता आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरला कळवणार असल्याचं बोलून दाखवता. पुढे पॅरासिटामॉल आहे. शेवटचा डोस तीन तासांपूर्वी दिलेला दिसतो. दोन डोसांत किमान चार तास हवेत, म्हणून तेही आत्ता नाही. प्रत्येक गोळीची एक्सपायरी बघता, आणि बघताना म्हणता, 'मी एक्सपायरी तपासते आहे.'

ते शेवटचं वाक्यच सगळ्यांना जड जातं. रोज हजार वेळा मनातल्या मनात केलेलं काम मोठ्याने बोलायचं! नापास झालेल्या कितीतरी जणी मला सांगतात, 'मी बघितलं होतं हो.' खरंच बघितलेलं असतं, पण परीक्षकाला ते ऐकू आलेलं नसतं. घरी उशी समोर ठेवून बोलत सराव करा. लाज आठवडाभरात जाते.

जर्मनीत सुरुवात परीक्षेने होत नाही. राज्याचं कार्यालय तुमच्या अभ्यासक्रमाची त्यांच्या अभ्यासक्रमाशी तुलना करतं आणि कुठे काय कमी आहे याचं पत्र देतं. मग दोन वाटा असतात: काही महिने वॉर्डात आणि वर्गात राहून ती तूट भरून काढायची, किंवा प्रात्यक्षिक आणि तोंडी अशी ज्ञानचाचणी द्यायची. चाचणी लवकर आटपते म्हणून बऱ्याच जणी ती निवडतात. भाषा कच्ची असेल तर मी वॉर्डातला मार्गच सुचवेन, तिथे कान तयार होतो. आखाती देशांत ही सगळी प्रक्रिया आटोपशीर आहे. पडताळणी, बऱ्याच ठिकाणी प्रोमेट्रिक केंद्रावरची बहुपर्यायी परीक्षा, आणि सहसा दोन वर्षांच्या अनुभवाची अट.

करार वाचल्याशिवाय सही नाही

सोप्या शब्दांत नियम असा: नोकरी शोधून देण्याचे पैसे हॉस्पिटलने द्यायचे, नर्सने नाही. ब्रिटनमध्ये एजन्सीने उमेदवाराकडून नोकरी शोधून दिल्याबद्दल पैसे घेणं, थोडे अपवाद सोडता, 1973 च्या कायद्याने बेकायदा आहे. परीक्षेची फी, भाषेचा क्लास, कागदांची पडताळणी हे खर्च वेगळे. ते तुमच्यावर येऊ शकतात, काही हॉस्पिटलं नंतर परत देतात. पण 'प्लेसमेंट चार्ज' म्हणून मोठी रक्कम मागितली, तीही रोख आणि पावतीशिवाय, तर उठून या.

दुसरी गोष्ट परतफेडीचं कलम. हॉस्पिटलने विमानाचं तिकीट, परीक्षा, सुरुवातीची राहण्याची सोय यावर खर्च केलेला असतो. तुम्ही लवकर नोकरी सोडली तर तो परत मागण्याची अट करारात असते. अट असणं वेगळं आणि ती जाचक असणं वेगळं. रक्कम आकड्यात लिहिलेली आहे का? ती कशाकशाची आहे हे फोडून दिलंय का? जसजसे महिने जातील तशी ती कमी होते का, की 23 व्या महिन्यातही पूर्णच भरावी लागते? हॉस्पिटलनेच कामावरून काढलं तर काय? घरी कुणी आजारी पडलं आणि परत यावं लागलं तर काय? 'तसं आम्ही कधी करत नाही' असं फोनवर सांगतील. त्यांना म्हणा, मग तेवढं ईमेलवर लिहून द्या. आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही.

आणखी एक शब्द कानावर येईल, 'रेड लिस्ट'. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता आणली. ज्या देशांत स्वतःलाच डॉक्टर-नर्स पुरत नाहीत, तिथून ठरवून माणसं ओढून नेऊ नयेत हा तिचा हेतू. 2023 च्या यादीत असे 55 देश होते, तिलाच रेड लिस्ट म्हणतात. त्या देशांतल्या नर्सने स्वतःहून अर्ज करू नये असा याचा अर्थ होत नाही. तिथे जाऊन भरती मोहीम राबवू नये, असा आहे. मागे राहणाऱ्या वॉर्डाचा विचार जाणाऱ्या प्रत्येकीच्या मनात येतोच. तो ओझं म्हणून एकट्या नर्सच्या खांद्यावर टाकणं मला पटत नाही. तो सरकारांनी सोडवायचा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या व्हिसाबद्दल एवढंच: नर्सना कामगार खात्याच्या प्रमाणपत्राची लांब पायरी गाळता येते, पण रांग चुकत नाही. नोकरीवर आधारित कायम वास्तव्याचे व्हिसा वर्षाला सुमारे 1,40,000, त्यात नवरा-मुलंही मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त जात नाहीत. मोठ्या देशांतल्या नर्सना म्हणून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. त्या काळात सध्याची नोकरी सोडू नका.

पहिले महिने

ब्रिटनमध्ये ओस्की पास होऊन एनएमसीचा पिन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, येईपर्यंत तुम्ही नर्स नसता, सहाय्यक असता. औषधाला हात लावता येत नाही. कालपर्यंत व्हेंटिलेटर सांभाळणारी बाई बीपी मोजते, अंघोळ घालते, चादर बदलते. हे मनाला लागतं, आणि लागणारच. पण तिथे अंघोळ घालणं हे हलकं काम मानत नाहीत. पाठीवरचा लालसर चट्टा, सुजलेला घोटा, न खाल्लेला नाश्ता, हे सगळं तेव्हाच दिसतं. जर्मनीत तर मान्यता मिळाल्यावरही हे काम नर्सचंच राहतं. याउलट सलाईनची सुई टोचणं तिथे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात.

मग एक रात्र येते. पिन आलेला आहे, वॉर्ड तुमच्याकडे आहे, काल आतड्याची शस्त्रक्रिया झालेला पेशंट 'जरा बरं वाटत नाही' म्हणतो. तुम्ही मोजता. श्वास 24. ऑक्सिजन 94, साध्या हवेवर. बीपी वरचं 102. नाडी 112. ताप 38.4. शुद्धीत आहे. यातला एकही आकडा एकटा बघितला तर धडकी भरत नाही. ब्रिटनमध्ये हे आकडे न्यूज-2 या, पेशंट ढासळतोय का ते दाखवणाऱ्या तक्त्यात गुणांत बदलतात: श्वासाचे 2, ऑक्सिजनचा 1, बीपीचा 1, नाडीचे 2, तापाचा 1. बेरीज 7. आणि 7 म्हणजे आणीबाणी, ताबडतोब डॉक्टर.

तुम्ही फोन उचलता. उच्चाराची धाकधूक असते, पण सांगायचा क्रम ठरलेला आहे, त्याला एसबार म्हणतात: आत्ता काय होतंय, मागे काय झालंय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. 'सर्जिकल वॉर्डातून बोलते आहे. सहा नंबरच्या पेशंटचा न्यूज स्कोअर 1 वरून 7 झाला आहे. काल आतड्याची शस्त्रक्रिया झाली. मला सेप्सिसची शंका आहे. तुम्ही लगेच येऊन बघावं, तोवर मी रक्ताचे नमुने काढायची तयारी ठेवते.' सेप्सिस म्हणजे संसर्गातून जिवावर बेतणारी अवस्था, म्हणून फोनवरचं ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं. 'जरा बघता का' असं नाही, 'लगेच या' असं. तिथे ज्युनिअर नर्सनेही असं म्हणणं अपेक्षित असतं, आणि म्हटलं नाही तर जाब तिलाच विचारतात.

फोन ठेवला की पुन्हा पेशंटकडे, आणि चार्ट हातात: 02:14, न्यूज 7, डॉक्टरांना फोनवर कळवलं, त्यांचं नाव, काय सांगितलं, दर किती वेळाने पुन्हा मोजणार. खाली तुमची सही, आणि सहीशेजारी तुमचा पिन नंबर.